गादा, पोवळं आणि बत्तीवाले नाना

“तुलना करायची तर बघणाऱ्यानं जागा बदलायची नाही, वहिनी. धाकटीला तुम्ही दिवाणखान्यात बसवून बघता आणि थोरलीला स्वयंपाकघराच्या दारातून. मग हिशेब जुळायचा कसा?”

हे मी स्वयंपाकघराच्या दाराआडूनच ऐकलं. हातात पोह्यांची बशी होती. बाहेर आईची एक मैत्रीण बसली होती. माझ्या धाकट्या बहिणीचं, नलूचं, गाणं नुकतंच संपलं होतं आणि मैत्रीण म्हणाली होती, “धाकटी किती चुणचुणीत हो! थोरलीला एवढं कॉन्व्हेंटात घातलंत, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ.” आईनं नेहमीचा उसासा टाकला. तेवढ्यात वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेले गृहस्थ हातोडी मागायला आले होते, ते मधेच बोलले. त्यांच्या मते ते आईच्या कानात कुजबुजले होते. ती कुजबूज समोरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू गेली असावी, कारण गिरणीवाला दारात येऊन आमच्या खिडकीकडे बघत उभा राहिला.

मैत्रीण लवकर उठली. मी मात्र बशी घेऊन बाहेर आले, कारण एवढ्या मोठ्यानं आणि एवढं माझ्या बाजूनं आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि तो माणूस दिसतो कसा हे मला बघायचं होतं. माणूस उंच, काळासावळा, डोळे सतत बारीक केलेले, जणू समोर ऊन आहे. त्यांनी पोहे खाल्ले, हातोडी विसरले आणि गेले.

तेच आमचे बत्तीवाले नाना. मूळचे रेवदंड्याकडचे. उभा जन्म दीपगृहांत गेला, त्यातली बरीच वर्षं कच्छच्या आखातातल्या एका बेटावर. स्वातंत्र्य आलं त्या सुमारास ते निवृत्त झाले आणि ठाण्याला टेंभी नाक्याजवळ आमच्या डोक्यावर येऊन राहिले. बायको फार पूर्वी गेलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला. दीपगृहावर वारा एवढा, की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडूनच बोलायचं. ती सवय वारा नसलेल्या ठाण्यातही सुटली नाही. त्यांचं खाजगी असं काही नव्हतंच. मुलीला पत्र लिहिताना ते शब्द तोंडानं म्हणत, त्यामुळे नागपूरच्या नातवाला दात आला हे आम्हाला, गिरणीवाल्याला आणि खालच्या सोनाराला एकाच वेळी कळलं.

काचेचा त्यांना नाद होता. बत्तीच्या भिंगांवर बोटाचा डाग राहू द्यायचा नाही, या शिस्तीत हात तयार झालेला. समोरच्या माणसाचा चष्मा मळलेला दिसला की त्यांना बोलणं सुचेना. मग ते सरळ हात पुढे करून त्याच्या नाकावरून चष्मा काढून घेत, खिशातला मऊ फडका काढत, हं करून वाफ सोडत, पुसत आणि परत चढवत. आमच्या वडिलांना याची सवय झाली. पण एकदा वीजकंपनीचा माणूस मीटर वाचायला आला होता, त्याला काही कळायच्या आत त्याचं जग धूसर झालं. तो घाबरून म्हणाला, “अहो, काय करताय?” नाना म्हणाले, “थांबा हो, आता खरा आकडा दिसेल तुम्हाला.”

सूर्य मावळायला आला की नाना गच्चीवर. पाऊस असो, ताप असो. पेटवायला तिथे काही नव्हतं, तरी ते जात आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहत. मी वाळत घातलेले कपडे काढायला त्याच वेळी जात असे. सुरुवातीला योगायोगानं, नंतर योगायोग ठरवून. त्यांच्याजवळ एक सोय होती, उत्तर द्यावं लागत नसे. ते बोलत, मी घड्या घालत असे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते फिरून फिरून एकाच विषयावर येतात. गादा आणि पोवळं.

गादा म्हणजे आमच्या शाळेच्या पुस्तकातला डॉल्फिन. त्यातलाही एक विशिष्ट, आपल्या किनाऱ्यालगत, खाड्यांच्या तोंडाशी फिरणारा, करड्या रंगाचा, पाठीवर उशी ठेवल्यासारखा उंचवटा असलेला. आणि पोवळं म्हणजे त्यांच्या बेटाभोवती दगडासारखं पसरलेलं, गोल, वरून वळ्यावळ्यांचं. “थेट मेंदू,” नाना म्हणत. “आणि आत मेंदूचा पत्ता नाही. गंमत आहे की नाही?”

ही दोघं त्यांच्या डोक्यात कशी एकत्र आली ते त्यांनी मला सांगितलं. ओहोटीला तिथलं पाणी इतकं मागे सरके की बेटाभोवतीची पोवळी उघडी पडत. नाना खाली उतरून त्यांच्यामधून जपून फिरत. मग भरती येई, पोवळी बुडत, आणि नाना वर दीपगृहाच्या सज्जात चढत. जिथे सकाळी स्वतःची पावलं टाकली, तिथेच आता गादा मासळीमागे फिरताना दिसत. वारा पडलेला असला तर आधी त्यांचा श्वास ऐकू येई, फुस्स करून, आणि मग पाठ दिसे. “एकाच जागेचे दोन रहिवासी,” ते म्हणत. “आणि मी त्यांना एकत्र कधीच पाहिलं नाही. एक दिसायला लागला की दुसरा दिसेनासा झालेला. म्हणून मनातल्या मनात शेजारी मांडायची सवय लागली. दुसरं होतं काय करायला तिथे?”

पोवळं हा प्राणी आहे हे मला कॉन्व्हेंटात शिकवलं होतं आणि मी ते इंग्रजीत पाठही केलं होतं. समजलं मात्र नानांच्या गच्चीवर. “आपली चाळ डोळ्यांपुढे आण,” त्यांनी सांगितलं. “एका खोलीत एक बिऱ्हाड. भिंती सामाईक. प्रत्येकाला दार एकच. त्यातूनच जेवण आत, त्यातूनच खरकटं बाहेर. बिऱ्हाडकरू एवढासा, मऊ, पारदर्शक म्हटलंस तरी चालेल. दिवसा आत. अंधार पडला की दारातून बोटं बाहेर काढून पाण्यातलं बारीकसारीक वेचणार. भिंती त्यानं स्वतःच्या अंगातून काढलेल्या. तो संपला की भिंत राहते, तिच्यावर पुढचा बांधतो. आपण जो दगड म्हणतो तो असा शेकडो पिढ्यांचा संसार असतो.”

“आणि गादा?” मी विचारलं. मी आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न असावा, कारण नानांनी पश्चिमेकडचं तोंड वळवून माझ्याकडे बघितलं.

“गाद्याला घरच नाही. फिरतीवरचा माणूस. माशासारखा दिसतो आणि मासा नाही. पोर जन्माला घालतो, दूध पाजतो. पाण्यात जन्म काढतो आणि पाण्यातली हवा त्याला चालत नाही. दम घ्यायला वर यावंच लागतं. मोठा बोलका. आपापसांत शिट्ट्या काय, टकटक काय. पोवळं मुकं. गादा कुटुंब घेऊन हिंडतो. पोवळं कुटुंबावर कुटुंब रचतं. आता सांग.”

“काय सांगू?”

“काही नाही. सगळे इथे विचारतात, मग चांगलं कोण? तू विचारलं नाहीस. शाब्बास.”

मला खरं तर तेच विचारायचं होतं. शब्द यायला वेळ लागला एवढंच.

तुलनेचे त्यांचे दोन कायदे होते. बघणाऱ्यानं जागा बदलायची नाही, हा पहिला. दुसरा, वाक्यात ‘पण’ घालायचा नाही. “पण आला की निकाल आला,” ते म्हणत. “मुलगी हुशार आहे पण काळी आहे. भाऊ गरीब आहे पण प्रामाणिक आहे. हे काय बोलणं झालं? हुशार आहे आणि काळी आहे. संपलं.” हा कायदा ते सर्वांना लावू बघत. आमची आई एकदा भाजीवालीला म्हणाली, “वांगी ताजी दिसतायत, पण लहान आहेत.” वरून गच्चीतून आवाज आला, “आणि!” भाजीवालीनं दचकून टोपली खाली ठेवली.

हे सगळं कधीतरी चार लोकांसमोर उभं राहून नीट सांगायचं, एवढी एकच हौस नानांना होती. आमच्याकडे दर उन्हाळ्यात शाळेच्या पटांगणात व्याख्यानमाला भरे. नाना दर वर्षी फाल्गुन संपता संपता चिटणीसांकडे जाऊन विषय देऊन येत, आणि दर वर्षी चिटणीस जोगळेकर तितक्याच प्रेमानं म्हणत, “विषय उत्तम आहे हो नाना. फक्त समाजाला त्याचा उपयोग काय, एवढं जरा बघा.” मग पंचवार्षिक योजना होई, संतवाङ्मय होई, भाषावार प्रांतरचना होई. नाना प्रत्येक व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसत आणि घरी येताना म्हणत, “छान बोलले. त्यांनी ते स्वतः पाहिलेलं होतं का हे मात्र कळलं नाही.”

त्यांना इंग्रजी जेमतेम वाचता येई. म्हणून मी शाळेच्या वाचनालयातून प्राण्यांवरचं एक जाडं पुस्तक आणून त्यांना मराठीत सांगायला लागले. माझं मराठी तेव्हा असं की प्रत्येक वाक्य आधी मनात सरळ करून घ्यावं लागे. नाना घाई करत नसत. त्यांनी बेटावर जे पाहिलं होतं ते पुस्तकात निघालं की ते खूश होत, पण पुस्तकावर, स्वतःवर नव्हे. “त्यालाही दिसलं म्हणायचं!” एकदा मी वाचलं की पोवळं हे खालच्या प्राण्यांत मोडतं आणि डॉल्फिन वरच्या.

“खालच्या?” नाना ओरडले. “कुठून खालच्या? सज्जातून बघितलं तर दोघंही खालीच होते माझ्या.”

मी हसले. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. नलू जिन्यात होती, तिनं जाऊन आईला सांगितलं, “ताई गच्चीवर हसतेय.” आई पदराला हात पुसत वर आली आणि काही झालं नाही ना हे बघून गेली.

एका रविवारी नाना मला आणि नलूला कळव्याच्या बाजूला खाडीवर घेऊन गेले. खाडीत गादा येतो का हे त्यांना विचारायचं होतं. मिठागरांच्या बांधावरून चालताना एक आगरीण भेटली, डोक्यावर रिकामी पाटी, मासळी विकून परत निघालेली. नानांनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं. ती बाई त्यांच्याहून मोठ्या आवाजाची निघाली.

“गादा? हिकरं कशाला येल त्यो? चिखलान रुतंल ना!”

“पाहिलात का कधी?”

“पायला ना! उरणाकरं पायला. माज्या भावाची जाली फारून गेला मेला. शाना हाय, पन चोर हाय.”

“बाई, ‘पन’ नको,” नाना अगदी कळकळीनं म्हणाले. “शहाणा आहे आणि चोर आहे.”

“तुजी जाली फारली असती म्हंजे समजला असता तुला,” ती म्हणाली आणि पुढे गेली.

परतताना टेंभी नाका आला तेव्हा नाना म्हणाले, “बाईचं बरोबर आहे. जाळं कोणाचं फाटलं यावर असतं ते. माझं कधी फाटलं नाही, म्हणून मला ‘आणि’ परवडतं.” नलूला हे कळलं नाही. ती म्हणाली, “नाना, मला भूक लागलीय आणि मला भजी हवीत.” नानांनी तिला ‘आणि’साठी दोन भजी जास्त दिली.

नाना गेल्या हिवाळ्यात नागपुरात वारले. मुलीकडेच होते. तिथे समुद्र नाही, पण तलावावर रोज संध्याकाळी जात असत, असं तिनं कळवलं. त्यांच्याबद्दल लिहायचं मनात आलं तेव्हा हे चष्मे, ही वांगी, ही भजी आधी आठवली. तरी लिहायची आहे ती एकच संध्याकाळ.

त्या वर्षी नानांचं नागपूरला जाणं पक्कं झालं होतं. मुलीनं हट्ट धरला होता, डोळेही मंद होत चालले होते. व्याख्यानमाला वैशाखात, जाणं त्याच आठवड्यात. या वर्षी नाही तर कधीच नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. तरी जोगळेकरांनी समाजाच्या उपयोगाचा मुद्दा काढलाच. नाना म्हणाले, “असू दे. नागपूरला सांगेन.” मग स्वतःच म्हणाले, “तिथे आधी भरती-ओहोटी समजावून सांगण्यातच तास जायचा.” त्या दिवशी ते गच्चीवर नुसते उभे राहिले, बोलले नाहीत. मला ती शांतता सोसवेना. माझ्यासारखीला शांतता सोसवू नये, हे मला चमत्कारिक वाटलं.

आणि ऐन वेळी पुण्याचे एक वक्ते आजारी पडले. जोगळेकर धावत जिना चढून आले. “नाना, उद्या संध्याकाळी. तुमचं ते… गादीचं.”

“गाद्याचं,” नाना म्हणाले. आवाज मात्र पहिल्यांदाच बारीक आला.

दुसरी अडचण आभाराची होती. त्या दिवसाचे आभार एका विद्यार्थिनीनं मानावेत असं ठरलेलं होतं, नलूचं नाव होतं, आणि नलूचा घसा बसला होता. जोगळेकर आईशी बोलत होते. नाना जिन्यावरून खाली वाकून म्हणाले, “थोरलीला सांगा.”

“नाना, अहो, ती?” आई म्हणाली. “ती घरात पाणी मागताना लाजते.”

“आभारात फार बोलायचं नसतं. ते तिला उत्तम जमेल.”

मला कोणी विचारलं नाही. मी नाही म्हणाले नाही, कारण नाही म्हणायलाही बोलावं लागतं. चार ओळी लिहिल्या. वक्त्यांचे आभार, अध्यक्षांचे आभार, शाळेचे आणि श्रोत्यांचे आभार. सकाळी नानांनी मला गच्चीच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि म्हणाले, “म्हण.” मी म्हटलं. “ऐकू आलं नाही!” पुन्हा म्हटलं. “वाऱ्याच्या पलीकडे टाक आवाज!” वारा पानही हलवत नव्हता. शेवटी मी श्रोत्यांचे आभार एवढ्या जोरात मानले की गिरणीवाल्यानं खालून हात जोडले.

संध्याकाळी पटांगण भरलं होतं. एवढे लोक पोवळ्यासाठी का आले हे आम्हाला कळेना. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी सुरुवात व्हायच्या आधीच नानांना गाठलं. हाताच्या बोटात पोवळ्याची अंगठी, मागे लग्नाची मुलगी. “मंगळाला अनामिकेत घालावं की तर्जनीत, एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. मागे आणखी दोघं पत्रिकेच्या गुंडाळ्या घेऊन उभे. जोगळेकरांनी फळ्यावर विषय लिहिताना ‘पोवळे’ हा शब्द मोठा काढला होता आणि गाद्याला जागा उरली नव्हती.

नाना म्हणाले, “बाई, तुमचं पोवळं लाल, दूरच्या समुद्रातलं. माझं वेगळं. दोन्ही मुळात एका जिवाचं घर आहे. बोट कुठलंही चालेल, तो आता घरात नाही.” बाई जरा विचारात पडल्या, आणि बसल्या. उठून मात्र कोणीच गेलं नाही.

नाना बोलले. लाउडस्पीकर बंद करावा लागला, कारण नाना अधिक लाउडस्पीकर हे मागच्या भिंतीला सोसेना. त्यांनी आधी ओहोटी सांगितली, मग भरती. चाळ सांगितली, दारातून बाहेर येणारी बोटं सांगितली. श्वास आधी ऐकू येतो आणि पाठ मग दिसते, हे सांगताना त्यांनी तोंडानं फुस्स केलं आणि पटांगणातली पोरं दहा मिनिटं फुस्स करत राहिली. आगरणीनं काय सुनावलं तेही सांगितलं, आणि लोक सर्वांत जास्त त्यावर हसले. शेवटी म्हणाले, “एकाला दम घ्यायला वर यावं लागतं. एकाला जागा सोडता येत नाही. एक बोलतो, एक बांधतं. मी तीच ती जागा रोज वरून बघत होतो आणि भरती दोघांवर एकच येत होती. मला एवढंच दिसलं. नमस्कार.”

टाळ्या भरपूर झाल्या. नाना खाली बसले तेव्हा त्यांचे बारीक डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडे होते.

मग अध्यक्ष उठले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुन्सफ, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. चांगला माणूस, उपरणं पांढरंशुभ्र, आणि समारोप केल्याशिवाय अध्यक्षाला अध्यक्ष म्हणत नाहीत यावर त्यांचा विश्वास. त्यांना लाउडस्पीकर पुन्हा लावून दिला.

“आजच्या विद्वान वक्त्यांनी,” रावसाहेब म्हणाले, “अत्यंत मार्मिक रीतीनं आपणापुढे दोन आदर्श ठेवले. एक उच्च, एक नीच. एक बुद्धिमान, चपळ, वाणीचं वरदान लाभलेला. दुसरं, दगड! मेंदूचा आकार आणि मेंदूचा अभाव. मित्रहो, आपल्या समाजाचं आज पोवळं झालं आहे. आपल्या मुलींकडे पाहा. शिकतात, सवरतात आणि कोपऱ्यात बसून राहतात. वक्त्यांचा संदेश स्पष्ट आहे. पोवळ्याचा जन्म सोडा! स्वतंत्र भारतातल्या तरुणांनो, गादा व्हा!”

यालाही टाळ्या पडल्या. नानांना पडल्या त्याहून जास्त. आणि खोटं कशाला सांगू, रावसाहेबांचं बोलणं कानाला गोडच लागत होतं.

मी नानांकडे पाहिलं. ते जागेवरून अर्धवट उठले होते. जोगळेकरांनी त्यांच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला. अध्यक्षांनंतर वक्त्यानं बोलायचं नसतं. मुलाखत असो, वादविवाद असो, आमच्याकडे हा नियम कोणी मोडलेला मला माहीत नाही. समारोप झाला की विषय मिटला. नाना खाली बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कोणाकडेच बघितलं नाही. पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. पुढच्या रांगेतल्या बाई मुलीला सांगत होत्या, “ऐकलंस ना? गादा चांगला.” उद्या सगळं ठाणं हेच म्हणणार होतं, परवा नाना नागपूरला जाणार होते, आणि इतकी वर्षं मनात जपून मांडलेली ती दोघं आता एक वर आणि एक खाली अशी कायमची बसणार होती.

“आता आभारप्रदर्शन,” जोगळेकर म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की अध्यक्षांनंतर बोलता येतं असा एकच माणूस असतो.

मी उठले. दुसऱ्या रांगेत आई पदराचं टोक धरून बसली होती, आणि नलू बसलेल्या घशानं खुणा करत होती की मान वर कर. जोगळेकरांनी लाउडस्पीकर माझ्या उंचीला आणायला सुरुवात केली. मी हातानंच नको म्हटलं, कारण तो यायची वाट बघितली असती तर मी बसले असते. पाठ केलेल्या चार ओळी डोक्यातून गेल्या होत्या. त्यांच्या जागी जे होतं ते आधी मनात सरळ करून घ्यायला वेळ नव्हता. मी समोर, अगदी पटांगणाच्या मागच्या भिंतीकडे बघितलं, श्वास घेतला, आणि माझा स्वतःचा आवाज मला तिकडून परत ऐकू आला.

“श्रोत्यांचे आभार. शाळेचे आभार. नानांनी दोघांत उच्च कोण आणि नीच कोण हे सांगितलं नाही. त्यांना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार. उच्च-नीच जे झालं ते अध्यक्षांनी केलं. त्याबद्दल अध्यक्षांचे वेगळे आभार.”